मिळून आली

जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, रुपाबाई आमच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढून आल्या. कार्यालय म्हणजे वाशिमच्या एका व्यापारी संकुलातल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. मी तिथे एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी आहे आणि गेली सोळा वर्षं पोलिसांच्या बातम्या माझ्याकडे आहेत. बाईंनी दारातच चपला काढल्या. ‘असू द्या पायात’ म्हणालो, तरी काढल्या. हळदीच्या काढणीचे दिवस होते. त्यांचे तळहात पिवळे झाले होते. कापडी पिशवीतून घडी घातलेला पेपर काढून त्यांनी माझ्या टेबलावर पसरला. उलटा.

“हे तुमीच लिवलं न, भाऊ?”

मी पेपर फिरवला. दोन दिवसांपूर्वीची माझीच बातमी होती. “हो, मीच. काय झालं?”

“मंग सांगा मले. माही अंजू कोनाच्या घरी आली? माह्या घरी तं नाई आली.”

बातमीचा मथळा असा होता: ‘बेपत्ता झालेले १०९ जण स्वगृही परतले’. खाली लहान टाइपात: ‘मुलींच्या बाबतीत बहुतांश प्रेमप्रकरणे’.

ही बातमी कशी झाली ते आधी सांगतो. जिल्ह्यातल्या एका शहरातल्या पोलीस ठाण्यात वर्ष संपल्यावर ठाणेदार पत्रकारांना बोलावतात. ठाण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्या दिवशी चहा होता, बालुशाही होती आणि एक पानभर छापील माहिती होती. घरफोड्या इतक्या, उघडकीस इतक्या, दुचाकी चोऱ्या इतक्या. शेवटून तिसऱ्या ओळीत: ‘हरवलेल्या व्यक्ती ११८, मिळून आल्या १०९.’ कुणीतरी विचारलं, एवढे लोक हरवतात तरी कसे? ठाणेदार चहाचा घोट घेत हसले. “पोरीबाळींचं तर तुम्हाला माहितीच आहे. बहुतेक प्रेमप्रकरणं.” त्यांना घाई होती. मलाही होती, पाचच्या आत बातमी पाठवायची होती. ‘मिळून आल्या’ हे मला पोलिसी वाटलं. वाचकाला गोड वाटेल असं काहीतरी हवं, म्हणून मी ‘स्वगृही परतले’ केलं. दोन शब्द बदलले. ते खरे आहेत का, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही.

तो पेपर शनिवारी मालेगावहून तांड्यावर पोचला. मालेगाव-वाशिम रस्त्यापासून आत तीन किलोमीटरवर हा तांडा आहे, चाळीसेक घरांचा. तिथल्या किराणा दुकानावर उदयसिंग नावाच्या माणसाने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. रुपाबाई तेल घ्यायला गेल्या होत्या. त्यांना अक्षर येत नाही, पण कान तिखट. ‘स्वगृही म्हंजे काय रे?’ त्यांनी विचारलं. ‘म्हंजे आपापल्या घरी, काकी. एकशे अठरातले एकशे नऊ घरी आले म्हनते.’

रुपाबाई तेल न घेताच घरी परतल्या. त्यांची लेक अंजू ऑगस्टपासून हरवलेली होती. एवढे सगळे घरी आले म्हणजे तीही वाटेत असणार, एखाद्या दिवसाचा उशीर. त्यांनी घर सारवलं. तिची गोधडी उन्हात घातली. ज्वारीच्या पिठात थोडं गव्हाचं पीठ मिसळून ठेवलं, कारण अंजूला निव्वळ ज्वारीची भाकर घशाखाली उतरत नसे. मग त्या फाट्यावर जाऊन बसल्या. शनिवार, रविवार, येणाऱ्या प्रत्येक जीपमधून उतरणारी माणसं पाहिली. दोन्ही दिवस कोणी काही विचारलं नाही, पण तांड्यावरच्या बायकांनी बातमीची दुसरी ओळही ऐकली होती. पाणवठ्यावर त्यांचं बोलणं रुपाबाई जवळ येताच थांबायचं.

सोमवारी पहिल्या गाडीने त्या शहरातल्या ठाण्यावर गेल्या. समोरच्या शिपायाने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाला, “मिळून आली. फाईल बंद झाली, मावशी.” “कुठी हाये मंग?” “ते आपल्याले नाई दिसत. हवालदार म्याडम बंदोबस्ताले गेल्या, दुपारी या.” दुपारपर्यंत थांबणं त्यांना जमेना. पेपरवाल्याला माहीत असेल, असं त्यांना वाटलं. ज्याने लिहिलं त्याला माहीत असणारच. कोणालाही असंच वाटलं असतं.

मी पाणी दिलं. “बाई, मला माहीत नाही. मी फक्त आकडा लिहिला.”

त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. रागाने नव्हे, माझं बोलणं अजून पुरं व्हायचंय, असं समजून. “आकडा लिवला,” त्या म्हणाल्या. “मंग त्या आकड्यात अंजू हाये का नाई?”

मी मोटरसायकल काढली आणि त्यांना मागे बसवून ठाण्यावर गेलो.

वाटेत आणि नंतर अनेकदा त्यांनी जे सांगितलं, त्यावरून अंजूची हकीकत मला कळली. रुपाबाई आणि भाऊसिंग यांची ती एकुलती मुलगी. नवराबायको दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. अंजू लहानपणी त्यांच्याबरोबर फडावर गेली, मग आश्रमशाळेत राहिली, मग शहरात कॉलेजला. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. गेल्या उन्हाळ्यात भाऊसिंगने ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाच्या पुतण्याशी तिचं लग्न ठरवलं. वाईट माणूस नव्हता तो; घरचं बरं होतं, आणि मुकादमाला नाही म्हणणं भाऊसिंगच्या तोंडून निघत नसे. अंजूने आईला दोनदा सांगितलं, मला आता करायचं नाही.

“दोन्ही येळा मी एकच म्हनलं,” रुपाबाई म्हणाल्या. “तुहा बाप शब्द देऊन आला, बाई. एवढंच. तिनं मग तिसऱ्यांदा काई म्हनलंच नाई.”

पंधरा ऑगस्टच्या आधीच्या आठवड्यात ती कॉलेजला म्हणून गेली आणि वसतिगृहात परतली नाही. भाऊसिंगने चार दिवस स्वतःच शोधलं, मग शहरातल्या ठाण्यात तक्रार दिली.

हवालदार धम्मदीपा बंदोबस्तावरून आल्या तेव्हा दोन वाजून गेले होते. पस्तिशीच्या, बोलायला कमी. हरवलेल्या माणसांचं काम त्यांच्याकडे आहे. त्यांनी रुपाबाईंना खुर्ची दिली, स्वतः टेबलाच्या कडेला टेकल्या.

“अंजू ऑक्टोबरमध्ये, दसऱ्याच्या आधी भेटली, मावशी. मी सोता गेली होती. चांगली हाये. एका कंपनीत पॅकिंगचं काम करते, दोन पोरींसोबत खोली घेऊन राह्यते. कोनासोबत पळून-बिळून गेली नाई. वीस वर्साची हाये, कायद्यानं तिची मर्जी. तिनं जबाब दिला का घरच्यायले पत्ता सांगू नका. मंग आमाले सांगता येत नाई.”

रुपाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. “ऑक्टोबरात?”

“हो. त्याच दिवशी तुमच्या मालकाले फोन केला मी. दुसऱ्या दिवशी ते इथं येऊन सही करून गेले.”

धम्मदीपांच्या लक्षात आलं की बाईंना हे माहीत नव्हतं. माझ्याही आलं. तीन महिने. ऊसतोडीच्या फडावर एकाच खोपीत दोघं झोपत होती. रुपाबाई दर संध्याकाळी म्हणायच्या, पोरीचं काय झालं असंन हो, आणि भाऊसिंग कोयता घासत बसायचा. महिन्याभरात दोघांनी फड सोडला. इथेच हळदीच्या कामाला जाऊ, रुपाबाई म्हणाल्या, कारण पोरगी आली तर घरी कोणी तरी हवं.

“घरच्यायले म्हंजे,” रुपाबाईंनी हळूच विचारलं, “मले बी?”

“तिनं ‘घरच्यांना’ असं लिवलं. आईले बी का, हे मी विचारलं नाई. विचाराले पाह्यजे होतं.”

मग रुपाबाई विचारत गेल्या. वाळली का? थोडी. केस? खांद्यापर्यंत कापले. कापले? हो, कंपनीत टोपी घालावी लागते म्हणे. अंगात काय होतं? निळा कुर्ता, गळ्यात ओळखपत्र. हसली का? एकदा, मी पाण्याची बाटली सांडली तेव्हा. खोकत तर नव्हती? नाही. तिला थंडीत खोकला होते. ऑक्टोबर होता, मावशी, थंडी नव्हती. तिच्या खोलीत ऊन येते का? धम्मदीपा आठवून म्हणाल्या, सकाळचं येते, खिडकीतून. रुपाबाईंनी मान हलवली. त्यांनी गावाचं नाव एकदाही विचारलं नाही. मी सोळा वर्षांत शेकडो प्रश्न त्या ठाण्यात विचारले असतील. असे प्रश्न मला कधी सुचले नव्हते.

उठताना त्या धम्मदीपांना म्हणाल्या, “तिले एवढंच विचारा, का मले बी नाई का. नाई म्हनली तं नाई.”

आणि मला म्हणाल्या, “तुमी तं दुरुस्त करा, भाऊ. घरी नाई आली ते राहू द्या. ते मी पाह्यतो. पन पळून गेली म्हनतात, ते पुसा.”

त्या रात्री तांड्यावर काय झालं ते मला उशिरा कळलं. भांडण झालं नाही. रुपाबाईंनी भाकरी करून नवऱ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “चांगली हाये म्हनते. सकाळचं ऊन येते तिच्या खोलीत.” भाऊसिंगचा हात ताटातच राहिला. त्यानंतर आठ दिवस त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी त्यानेच सांगितलं, “तुले सांगतलं असतं तं तू शोधाले निघाली असती. अन् ते पोरगी म्हनली, बापाले तोंड दाखवनार नाई. हे कसं सांगू मी तुले?”

मी पुन्हा धम्मदीपांकडे गेलो. नावं नकोत, पत्ते नकोत, म्हटलं, पण एकशे नऊपैकी घरी किती गेले? त्या म्हणाल्या, “असा रकाना नाई आमच्याकडं. मिळून आला का नाई, एवढाच रकाना.” तरी दोन दुपारी त्यांनी जबाब काढून मोजून दिलं. घरी परतले होते एकाहत्तर. त्यात वाट चुकलेल्या म्हाताऱ्या होत्या, रुसून मामाकडे गेलेले होते. एकशे नऊंपैकी मुली व बाया मिळून होत्या चौसष्ट. त्यातल्या एकोणीस जणी कोणासोबत गेल्या होत्या. बाकीच्या नवऱ्याच्या मारापायी, सासरच्या जाचापायी, नापास झाल्या म्हणून, कामाच्या शोधात, आणि न पटलेलं लग्न टाळायला. मी तो कागद बघत राहिलो. ‘बहुतांश’ हा शब्द मी लिहिला होता. चौसष्टात एकोणीस.

हे ठाणेदारांना दाखवलं. ते ओशाळले. “मी सहज बोललो होतो हो. तुम्ही ते छापाल असं वाटलं नाही.” त्यांचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटेना. त्यांनी सहज म्हटलं आणि मी छापलं.

संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “प्रसेनजित, आपण खुलासा छापतो तो कोणाची नोटीस आली तर. कोणी तक्रार केली का?” म्हटलं, एका बाईने केली. लेखी? नाही, तिला लिहिता येत नाही. बरीच घासाघीस झाली. शेवटी पाचव्या पानावर अकरा ओळी मिळाल्या, सोयाबीनच्या भावाच्या खाली. मूळ बातमी पहिल्या पानावर होती.

अकरा ओळी घेऊन मी स्वतः तांड्यावर गेलो. किराणा दुकानावर दहाबारा माणसं होती, भाऊसिंगही होता. बारीक, उंच, उसाच्या पात्याने कापलेल्या हातांचा माणूस. मी उदयसिंगला म्हटलं, त्या दिवशीची बातमी तू वाचलीस, ही पण वाच. त्याने वाचली: आमची ती माहिती चुकीची होती, मिळून आलेल्यांपैकी अनेक जण स्वतःच्या निर्णयाने दुसरीकडे राहत आहेत, बहुतेक मुली प्रेमप्रकरणातून गेल्या, हे खरं नाही. एक म्हातारी म्हणाली, “एवढं बारीक काहून लिवलं? ते तं मोठ्ठं होतं.”

भाऊसिंग माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आला. मग म्हणाला, “पॅकिंग म्हंजे उभ्यानं करा लागते का बसून?”

“मला माहीत नाही, भाऊसिंग.”

“उभ्यानंच असंन,” तो स्वतःशीच म्हणाला आणि मागे फिरला.

धम्मदीपांनी अंजूला फोन केला होता. पहिल्यांदा ती म्हणाली, मला कोणाशीच बोलायचं नाही. दुसऱ्यांदा फोन उचललाच नाही. मार्च संपता संपता तिचाच फोन आला: आईशी बोलते, फक्त आईशी, तुमच्या फोनवरून. गावाचं नाव तिने विचारायचं नाही, आणि ये म्हणायचं नाही.

रुपाबाईंना निरोप द्यायला मी तांड्यावर गेलो होतो, म्हणून त्या दिवशी मीही ठाण्यावर होतो. व्हरांड्यात कडुनिंबाच्या बाजूला बाकडं आहे. धम्मदीपांनी नंबर लावून फोन बाईंच्या कानाला लावला आणि आम्ही दोघं लांब जाऊन उभे राहिलो. माय-लेकी गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलत होत्या. मला त्यातला ‘याडी’ हा एकच शब्द कळतो, आई. तो फोनमधून एकदा ऐकू आला, एवढ्या लांबवर. त्यानंतर रुपाबाई फोन दोन्ही हातांनी धरून बसल्या. मग सुरू झालं ते, त्यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, शेळीचं, पाण्याचं, कोणाच्या घरी बाळ झालं त्याचं. चौदा मिनिटं. शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं आणि उत्तर ऐकून हसल्या.

“काय विचारलं, मावशी?” धम्मदीपांनी नंतर विचारलं.

“म्हनलं, केस वाढवशील का? म्हने, नाई.” पदराने फोन पुसून त्यांनी परत दिला. “नाई तं नाई. पन मी म्हनलं तिले, का तुहं लग्न ठरलं त्या येळी मी तोंड उघडाले पाह्यजे होतं. ते राह्यलं होतं माह्यापाशी.”

आता दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रुपाबाई ठाण्यावर येतात; सुट्टी असली तरी धम्मदीपाही येतात. यंदाच्या हंगामात रुपाबाई ऊसतोडीला गेल्या नाहीत. फडावरून यायला दोन दिवस लागतात आणि रविवार चुकला असता. भाऊसिंग एकटा गेला. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता; एकटा माणूस मुकादमाला परवडत नाही, म्हणून त्याला दुसऱ्या टोळीत काम शोधावं लागलं. त्याने कुरकुर केली नाही. त्याचा फोन मला महिन्यातून एकदा येतो, रविवारी रात्री, आणि तो फक्त विचारतो, बोलली का?

अंजू घरी आलेली नाही. बापाशी ती अजून बोललेली नाही. पत्ता धम्मदीपांशिवाय कोणाला माहीत नाही, आणि मी तो विचारलेला नाही. यंदाच्या जानेवारीत पुन्हा चहा झाला, छापील पान हातात आलं. मी विचारलं, मिळून आलेल्यांपैकी घरी किती गेले? शेजारचा पत्रकार म्हणाला, काहून फाटे फोडून राह्यला, उशीर होते. मी आकडा पोलिसांनी दिला तसाच लिहिला आणि खाली एक ओळ जोडली की घरी परतलेल्यांची वेगळी नोंद ठेवली जात नाही. ती ओळ कार्यालयात कोणीतरी जागेअभावी कापली.

फेब्रुवारीत रुपाबाई एक गाठोडं घेऊन आल्या. लुगड्यांच्या जुन्या तुकड्यांची गोधडी होती, तीन महिने बसून शिवलेली. अंजूने गोधडी पाठवा असं म्हटलं नव्हतं, पण नको असंही म्हटलं नव्हतं. आम्ही तिघं पोस्टात गेलो. खिडकीपाशी धम्मदीपांनी गाठोड्यावर कागद चिकटवला आणि पेन काढून पत्ता लिहायला घेतला. रुपाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पटकन तोंड भिंतीकडे फिरवलं.

“मावशी, तुमाले कुठी वाचता येते,” धम्मदीपा म्हणाल्या.

“नाई येत,” त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या. “पन तिले सांगजा, का म्या पाह्यलं नाई.”

कारकुनाने गाठोडं तोललं, पावती फाडली आणि मागच्या ढिगावर ठेवलं. चार दिवसांत पोचेल म्हणाला. मालेगावच्या गाडीला अजून वेळ होता. रुपाबाई बसस्थानकावर बाकड्यावर बसल्या आणि बोटांवर दिवस मोजू लागल्या.